विश्लेषण : आधी घरच्यांचे ऐकले नाही, मग मिशनचेही नाही, रेव्हरंड टिळकांनी दोघांचीही नाराजी का ओढवून घेतली?

नागपूरहून निघालेली गाडी कामठी मागे टाकून वरठीच्या भंडारा रोड स्थानकात येते. पुढे तुमसर रोड, वैनगंगेवरचा पूल, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा आणि मग डोंगरगड ओलांडून राजनांदगाव. भंडारा जिल्ह्यातल्या प्रवाशांना हा मार्ग पाठ आहे. याच मार्गावर १८९३ मध्ये एका डब्यात एक मराठी ब्राह्मण कवी आणि एक अनोळखी युरोपियन गृहस्थ समोरासमोर बसले होते. बोलता बोलता त्या गृहस्थाने कवीच्या हातात बायबल ठेवले. जेमतेम दोन वर्षांनी त्या कवीने मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायको, मुलगा, नातलग, जात, मित्र सगळे एका बाजूला आणि हा माणूस दुसऱ्या बाजूला, अशी स्थिती झाली. त्याच माणसाने पुढे बावीस वर्षांनी ज्या मिशनने आधार दिला त्याच्या नोकरीचाही राजीनामा दिला. हे कवी म्हणजे नारायण वामन टिळक, अर्थात रेव्हरंड टिळक.

टिळक नेमके कोण?

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शिकलेल्या पिढीला हे नाव नवीन नाही. फुलांवर आणि मुलांवर त्यांनी इतक्या कविता लिहिल्या, की फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळखच झाली. लोकमान्य टिळक वेगळे, हे मात्र दरवेळी सांगावे लागते. गंमत म्हणजे दोघांचीही मुळे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातली. लोकमान्यांचे मूळ गाव चिखलगाव, तर नारायण वामन यांचा जन्म १८६१ मधला, करजगावचा.

आई लहानपणीच गेली. वडिलांशी पटले नाही. मुलगा घरातून बाहेर पडला तो नाशिकला पोहोचला आणि तिथे संस्कृत शिकला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मुलीशी १८८० मध्ये लग्न झाले. लग्नानंतर तिचे नाव लक्ष्मी ठेवले. पुढची काही वर्षे टिळक एका गावात टिकले नाहीत. कुठे कीर्तन, कुठे शिकवणी, कुठे मास्तरकी. खिशात पैसा आला की तो मागेल त्याला देऊन मोकळे व्हायचे आणि घरात चूल पेटते की नाही हे बायकोने बघायचे. लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हे सगळे काहीही न लपवता लिहून ठेवले आहे.

नागपुरात मात्र त्यांना काही काळ स्थैर्य लाभले. अप्पासाहेब बुटी या धनिकाचा आश्रय होता आणि धर्मविषयक लेखनासाठी ‘ऋषि’ नावाचे मासिकही टिळक चालवत होते. याच काळात मूर्तिपूजा आणि जातिभेद यांवरचा त्यांचा विश्वास उडत गेला. स्वतःच एखादा नवा धर्म मांडावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. म्हणजे गाडीत बसलेला माणूस आधीच अस्वस्थ होता, हे लक्षात घ्यायला हवे.

रेल्वेच्या डब्यात काय घडले?

नागपूर ते राजनांदगाव हा मार्ग १८८० मध्ये नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून पूर्ण झाला. १८८७ मध्ये तो बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला. राजनांदगाव हे तेव्हा बैरागी महंतांचे संस्थान होते. टिळक कामाच्या शोधात तिकडे निघाले होते. त्या काळी आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. तो १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्यामुळे या प्रवासाचा मोठा टप्पा तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातूनच झाला.

ख्रिस्ती धर्म या भागात अगदी अनोळखी होता असे नाही. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्येच नागपुरात आले होते आणि त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ मध्ये सुरू झाले. पण टिळकांची गाठ पडली ती कुठल्या मिशनच्या आवारात नव्हे, तर सहप्रवासी म्हणून. बोलणे सुरू झाले संस्कृत काव्यावरून. समोरच्या माणसाने वाद घातला नाही. टिळकांचे विचार ऐकून घेतले, बायबल दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत करून टाकले. टिळकांना ते त्या क्षणी हास्यास्पदच वाटले.

दिलेला शब्द म्हणून त्यांनी वाचायला घेतले. सुरुवातीला फारसे काही हाती लागले नाही. मग मत्तयाच्या शुभवर्तमानातले डोंगरावरील प्रवचन आले आणि तिथे ते थांबले. वैऱ्यावर प्रीती करा, ही शिकवण त्यांच्या मनातून जाईना. पुढे ते सांगत, की आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून. जुने सगळे टाकून नवे घेतले, असे त्यांना कधीच वाटले नाही. पुढच्या भांडणाचे मूळही इथेच आहे.

बाप्तिस्मा घेणे इतके अवघड का होते?

मनातून पटणे वेगळे आणि बाप्तिस्मा घेणे वेगळे. ख्रिस्ताविषयी आदर बाळगणाऱ्या सुशिक्षित हिंदूंची तेव्हा कमतरता नव्हती. घरात बायबल वाचले तरी समाज डोळेझाक करी. पाणी डोक्यावर पडले की मात्र सगळे संपले.

या समाजाचा धाक किती होता, हे पुण्यातल्या एका चहावरून कळते. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनच्या कार्यक्रमाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांची नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत पोहोचले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या वाटेने जावे लागले. घरच्यांची कुचंबणा होऊ नये म्हणून रानड्यांनी ते घेतले आणि त्यावरून सुधारकांनीच त्यांना बोल लावले. हायकोर्टात न्यायाधीश होण्याच्या तोडीच्या माणसाची ही गत! नारायण वामन टिळकांकडे तर नोकरीही धड नव्हती.

त्यातून १८९३ हे वर्षच तापलेले होते. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढले जाते, या आरोपावरून पुण्यात मोठा वाद पेटला आणि पालकांनी मुली काढून घेतल्या.

कायद्याने संरक्षण होते, पण ते तेवढ्यापुरतेच. १८५० च्या कायद्यामुळे धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जात नसे. जेवायला पंगतीत कोण घेणार, मुलीचे लग्न कुठे होणार, आजारी पडल्यावर कोण येणार, याचे उत्तर कायद्यात नव्हते. परतीची वाट प्रायश्चित्ताची. तीही सहज खुली नसे. श्रीपाद शेषाद्री परळीकर या मुलाला मिशनमधून परत जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी १८४३ मध्ये खटपट केली, तेव्हा मुंबईच्या ब्राह्मणांत दोन तट पडले होते.

टिळकांनी सुरुवातीला मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तो नाव न कळवता. भीती स्वतःपुरती नव्हती. लक्ष्मीबाईंचे माहेर सोवळ्या-ओवळ्यासाठी प्रसिद्ध होते. वडील तर या बाबतीत टोकाचे कडक. अशा घरातल्या मुलीला आपल्या निर्णयाने काय भोगावे लागेल, हे टिळकांना कळत नव्हते असे म्हणता येत नाही. ते कळूनही १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंचे काय झाले?

या कहाणीतली खरी किंमत इथे मोजली गेली. लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू तेव्हा नातलगांकडे होते. बातमी आली आणि घरात जणू सुतक आले. नवरा जिवंत, पण त्याच्या हातचे पाणी चालत नाही. सवाष्ण म्हणावे तर संसार नाही, विधवा म्हणावे तर कुंकू आहे. या धक्क्यातून सावरायला त्यांना फार काळ लागला. बहीण भिकूताई आणि मेहुणे पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. पंढरपूर, नाशिक अशी फिरती सुरू राहिली. एरवी जेमतेम वाचता-लिहिता येणाऱ्या या बाईने याच दिवसांत आपले दुःख पद्यात मांडायला सुरुवात केली.

आता टिळकांपुढे दोन मार्ग होते. एक, नातलगांची मर्जी राखून परत यायचे. बायको-मुलाचा विरह हा त्यासाठीचा सर्वांत मोठा दबाव होता आणि तो कोणी मुद्दाम आणण्याची गरजच नव्हती. दुसरा मार्ग कायद्याचा. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सहा महिने संबंध तोडले, तर ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला कोर्टात जाता येई आणि शेवटी विवाह संपुष्टात आणून दुसरे लग्नही करता येई. टिळक या दोन्ही वाटांना गेले नाहीत. पत्रे पाठवत राहिले, भेटीला जात राहिले.

असे सुमारे पाच वर्षे चालले. अखेर लक्ष्मीबाई मुलाला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आल्या. पण त्या आल्या त्या ब्राह्मण म्हणूनच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे वेगळे. टिळकांनी ते सगळे निमूट चालू दिले. मिशनमधल्या कोणालाही त्यांच्यावर धर्माची सक्ती करू दिली नाही, आणि स्वतःही केली नाही. स्वतःच्या श्रद्धेसाठी घर सोडणारा माणूस बायकोच्या श्रद्धेला हात लावत नव्हता.

लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते प्रवचनांमुळे नव्हे. आधी त्यांना जातिभेद खोटा वाटू लागला. माणसे देवाने केली, जाती माणसांनी केल्या, हे एकदा पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खायला सुरुवात केली. धर्माचा प्रश्न त्यानंतर आला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी बायकोला विचारून निर्णय घेतला नव्हता, ही गोष्ट मात्र झाकण्यासारखी नाही. त्यांच्या निष्ठेचे कौतुक करताना ती पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी काढली, हे विसरले जाते. पुढे संन्यासाच्या वेळी तेच पुन्हा झाले.

मिशनशी मतभेद कशावरून?

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळक धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि नावामागे रेव्हरंड लागले. ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, की एका बाजूचे लोक सुटले, आता दुसऱ्या बाजूच्या लोकांत सुखाने राहावे.

इथे नवा दबाव सुरू झाला, आणि तो ओळखायला जास्त अवघड होता. कोणी धमकी देत नव्हते, वाळीत टाकत नव्हते. फक्त ख्रिस्ती म्हणजे कसे राहायचे याचा एक साचा तयार होता. प्रार्थनेत इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते, पगार आणि निर्णय मिशनच्या हाती, आणि देशाविषयी फार बोलू नये हा अलिखित नियम. अनेक नवख्रिस्ती कुटुंबांना साहेबी वळण हीच प्रतिष्ठा वाटे. ते समजण्यासारखेही होते. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले होते, त्यांनी गावाच्या चालीरीतींना का कवटाळावे?

टिळकांनी नाव बदलले नाही. मुलांची नावे देवदत्त आणि तारा. त्यांनी ख्रिस्तावर अभंग रचले, भजने रचली, ओवी वापरली. टाळ-चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मराठी चर्चमध्ये आजही गायल्या जाणाऱ्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा मोठा आहे. रविवारी भक्तीला जाणाऱ्याला यात आज वेगळे काही वाटत नाही. तेव्हा मात्र काहींना हा माणूस अर्धवट हिंदूच राहिलाय असे वाटे, तर बाहेरचे हिंदू त्याला बाटगा म्हणत. एकाच माणसावर दोन्ही शिक्के!

देशभक्तीच्या कविताही त्यांनी सोडल्या नाहीत. ख्रिस्ती झालो म्हणून हिंदुस्थानाचे पुत्रत्व संपत नाही, हा त्यांचा ठाम मुद्दा होता. परदेशी मिशनऱ्यांनी मालकासारखे वागू नये, भारतीय मंडळीने त्यांच्या पैशावर कायम अवलंबून राहू नये, हेही ते मिशनचेच पत्र चालवत असताना बोलून दाखवत. त्यांचे मिशनऱ्यांशी वैर नव्हते. नगरचे डॉ. ह्यूम यांच्यासारख्यांविषयी त्यांना आदरच होता. खरे तर म्हणूनच हे अवघड होते. शत्रूला नाही म्हणणे सोपे, उपकारकर्त्याला नाही म्हणणे कठीण.

बालकवी त्यांच्या घरी राहूनही हिंदूच राहिले, ते कसे?

१९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरले. धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या मुलाने तिथे कविता म्हटली आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळक तिथे होते. पुढे त्यांनी या मुलाला नगरला स्वतःच्या घरी नेले. एका पाळकाच्या घरात ब्राह्मण मुलगा राहतोय म्हटल्यावर तो बाटणार, अशी कुजबुज होणे स्वाभाविक होते. एखादा होतकरू कवी ख्रिस्ती झाला असता तर मिशनच्या वर्तुळात टिळकांचे वजनही वाढले असते. तसे काही झाले नाही. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखे वागवले, टिळकांनी कविता वाचल्या, आणि ठोंबरे हिंदूच राहिले. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा मृत्यू झाला. टिळक दाम्पत्याला तो घरातलाच घाव होता.

पगाराची नोकरी का सोडली?

१९१७ मध्ये, वयाची पंचावन्न वर्षे ओलांडलेली असताना, टिळकांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून जगायचे ठरवले. ते साताऱ्याला गेले. ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसमाज सुरू करण्याचा त्यांचा बेत होता. त्यातली एक गोष्ट सर्वांना खटकली. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त सामील होऊ शकत होते.

म्हणजे ज्या बाप्तिस्म्यासाठी स्वतः सर्वस्व पणाला लावले, त्याच बाप्तिस्म्याची अट ते इतरांना घालत नव्हते. अनेकांना यात विसंगती दिसली. पण त्यांच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता. ख्रिस्त आवडतो, मात्र घर-जात सोडवत नाही, अशी माणसे त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. १८९३ ते १८९५ या काळात ते स्वतःच तसे होते. अशांसाठी दार बंद करायला ते तयार नव्हते. चर्चमधील मंडळींना भीती होती, की अशाने मंडळीची ओळखच पुसली जाईल. ही भीतीही पोकळ नव्हती आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

घरी पुन्हा तोच प्रसंग. पगार बंद. संन्यास घेतलेल्या माणसाच्या बायकोने काय करायचे, हा प्रश्न लक्ष्मीबाईंपुढे दुसऱ्यांदा उभा राहिला. या वेळी त्या नातलगांकडे गेल्या नाहीत. वैतागल्या, बोलल्या आणि आपल्या पद्धतीने संसार ओढत राहिल्या.

शेवटच्या इच्छेवरून वाद का झाला?

दरबार रुजायला वेळ मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टिळकांचे निधन झाले. ख्रिस्ती माणसाला पुरायचे, ही तेव्हाची रीत. टिळकांनी आपल्या देहाचे दहन करावे असे सांगून ठेवले होते. एका पाळकाची चिता पेटवायची, हे त्या काळच्या मंडळीला पचणे सोपे नव्हते. तरीही इच्छेप्रमाणे दहन झाले आणि अस्थी नगरला नेऊन ठेवण्यात आल्या.

ख्रिस्ताचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे काम त्यांनी हाती घेतले होते, त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. त्यातले मोजकेच अध्याय त्यांच्या हातून झाले. उरलेले लिहायला बसल्या लक्ष्मीबाई, ज्यांनी कधीकाळी नगरला येऊन नवऱ्याच्या घरात आपली चूल वेगळी मांडली होती. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर ‘ख्रिस्तायन’चे बहुतेक सगळे अध्याय त्यांच्या हातचे होते.